मूळ नग एक, प्रती तीन

टक्.

दुपारचे सव्वादोन झाले होते आणि मितू नुकतीच झोपली होती. पूर्णा स्टेशनामागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत अशी शांतता दिवसातून एकदाच उतरते, आणि ती उतरली की सुकेशनी श्वाससुद्धा बेताने घेते. भांडी घासायची नाहीत. फोनचा आवाज बंद. पंखा दोनवर, कारण तीनवर तो कण्हतो. या एका तासात तिने स्वतःसाठी हवं ते करावं अशी मुभा आहे. बहुतेक वेळा ती भिंतीला टेकून बसते, काय करावं याचा विचार करते, आणि विचार पक्का होईस्तोवर तास संपतो.

टक्. टक्.

पाल नव्हती. नळ नव्हता. आवाज टेबलावरच्या लॅपटॉपच्या पोटातून येत होता.

सुकेशनी ही संगणक न कळणारी बाई नव्हे, हे इथेच नमूद करणं भाग आहे. संगणकाच्या सरकारी परीक्षेत तिला एक्याण्णव गुण होते. मितू होण्याआधी चार वर्षं ती एका सुविधा केंद्रात लोकांचे दाखले आणि अर्ज चढवायची, आणि निम्म्या तालुक्याला तिने "सेव्ह केलं का?" असं दरडावून विचारलेलं होतं. त्यामुळे तिसऱ्या टक्‌लाच तिला कळलं की हार्ड डिस्क जायला निघाली आहे. आणि ती गेली तर तिच्याबरोबर 'मितूचे शब्द' जाणार.

'मितूचे शब्द' हा एक फोल्डर होता. मुलीचं पाळण्यातलं नाव संघमित्रा, पण ती चार वर्षांची व्हायला आली तरी एवढ्या लांब नावाला पुरेशी उंची तिला आलेली नव्हती, म्हणून मितू. अकरा महिन्यांची असल्यापासून ती बोललेला प्रत्येक नवा शब्द सुकेशनीने फोनवर धरला होता, आणि फोन भरला की लॅपटॉपवर ओतला होता. अशा एकूण दोनशे सतरा नोंदी. पैकी पहिली सात सेकंदांची. घर स्टेशनाला लागून, त्यामुळे लेकराच्या कानावर आईबापापेक्षा भोंग्यातली बाईच जास्त बोललेली. एका सकाळी भोंगा सुरू झाला आणि पाळण्यातून साथ आली, "कुपया."

आई म्हणायच्या आधी, पप्पा म्हणायच्या आधी, पोरीने उद्‌घोषणा केली होती. सासूबाई चांगुणाबाईंनी ती ऐकून निकाल दिला होता, "हिला सरकारी नोकरी लागती बघा." सात सेकंदांतले पहिले तीन भोंग्याचे, मग ते 'कुपया', आणि उरलेले सगळे सुकेशनीच्या हसण्याचे. असं हसू तिला त्यानंतर आलं नाही असं नाही, पण ते कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला. धम्मदीप परभणीच्या एका कार्यालयात अभिलेख कक्षात लिपिक आहे. अभिलेख कक्ष म्हणजे जिथे जुने कागद सुरक्षित असतात. ते इतके सुरक्षित असतात की कागदाचा मालक स्वतः आला तरी त्याला मिळत नाहीत. या खात्यात बारा वर्षं काढल्यामुळे कोणतीही वस्तू सांभाळायची म्हणजे तिच्यापर्यंत कुणालाही पोहोचू द्यायचं नाही, ही गोष्ट त्याच्या अंगात मुरलेली आहे.

"अहो, लॅपटॉप टकटक करायलाय."

"टेबल हलत असंल."

"टेबल काय आतून हलतंय? डिस्क जायलीय. मितूचे शब्द त्यात आहेत."

धम्मदीपने डबा खाली ठेवला. "मूळ दप्तर एकाच ठिकाणी? प्रत न्हाई?"

"नाही."

"सुकेशनी, तू तर संगणकाची बाई."

"आणि तुम्ही अभिलेखाचे बुवा. दोघांच्या घरात एक प्रत निघंना."

त्या संध्याकाळी एक पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून काम दहा मिनिटांत संपवता आलं असतं. पण जे काम दहा मिनिटांत होतं ते नीट झालेलं नसतं, यावर उभयतांची श्रद्धा होती. सबब, पर्यायांचा अभ्यास करायचं ठरलं.

अभ्यास सुकेशनीकडे आला. मितूच्या झोपेचा तास ही कार्यालयीन वेळ जाहीर झाली. तिने चित्रफिती पाहिल्या, टिपणं काढली, आणि एका तज्ज्ञाने सांगितलेला नियम मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला: तीन प्रती, दोन प्रकारच्या वस्तूंवर, पैकी एक परगावी. धम्मदीपला तो इतका आवडला की त्याने उभ्यानेच तीनदा वाचला. "हे कुण्यातरी रेकॉर्डच्याच माणसानं काढलेलं असणार," तो म्हणाला.

मग तुलनात्मक तक्ता झाला. सीडीला लॅपटॉपमध्ये खाच नव्हती. पेनड्राइव्ह हरवतो. डिस्क हातातून पडते. क्लाउड कळत नाही. तक्त्यात 'शिफारस' असा एक रकाना होता आणि तो दोन आठवडे कोरा राहिला, कारण रोज एक नवी चित्रफीत मागच्या चित्रफितीतल्या माणसाला वेडा ठरवत होती. मितू मधेच उठून यायची, आईच्या मांडीवर चढायची, काहीबाही सांगायला लागायची. सुकेशनी तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पडदा सरकवत म्हणायची, "थांब गं बाळा. मी तुझंच काम करायलेय."

तिसऱ्या आठवड्यात क्लाउडची चाचणी घ्यायचं ठरलं. आपली वस्तू दूर कुठेतरी, पावसापाण्याच्या पलीकडे, कुणाच्यातरी मोठ्या यंत्रात राहते, ही कल्पना तिला आवडली होती. तिने पहिल्या चाळीस नोंदी चढवल्या आणि एक्केचाळिसाव्याला निरोप आला की जागा भरली आहे. कशाने भरली म्हणून तिने आत डोकावलं. आत गुलाबाची फुलं होती. वाफाळते चहाचे कप, उगवते सूर्य, येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे सहा व्हिडिओ आणि सोयाबीनवरच्या एकाच अळीचे त्र्याऐंशी फोटो होते. यातलं काहीही तिने काढलेलं नव्हतं.

तिने ताडकळसला बालाजीला फोन लावला. ताडकळस तिचं सासर. सासू-सासरे तिथेच राहतात, आणि घरातले सगळे फोन बाजारातल्या बालाजीच्याच दुकानातून घेतलेले व चालू करून आणलेले आहेत.

"बालाजीभाऊ, माझ्या खात्यात कुणाचे फोटो यायलेत?"

"कुणाचे म्हंजे? तुमचेच की वहिनी. तात्यारावांचे, धम्मदीपचे, तुमचे. तिघांच्या फोनात एकच खातं टाकलंय ना."

"एकच कशाला?"

"घर एक हाय का न्हाई? मंग रेशन कार्ड एक चालतंय, खातं एक का न चालावं?"

याला कोणत्याही शासन निर्णयात उत्तर नव्हतं. "आणि पासवर्ड?"

"तात्यारावांचा जुना फोन नंबर. ध्यानात ऱ्हातो म्हनून ठिवला. निम्म्या ताडकळसचा त्योच हाय."

सुकेशनीने मग सासऱ्यांना फोन केला. तात्याराव रेल्वेत गँगमन होते. पस्तीस वर्षं रुळांवरून पायी चालून, जिथे जे नको ते उचलून बाजूला टाकत ते निवृत्त झाले.

"जय भीम, मामा. तुमच्या फोनातले नको असलेले फोटो काढून टाकता का जरा? जागा करायचीय."

"जय भीम, बाई. त्यात काय. ज्यानं रूळ साफ ठिवला त्याला फोन अवघड हाय व्हय?"

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाजात काम फत्ते केल्याचं समाधान होतं. "झालं बघ. लय कचरा व्हता. फुलं ठिवली. लोकांनी मायेनं धाडलेली, ती कशी काढावी. आळी बी ठिवली, कृषीवाल्याला दाखवायचीय. बारके बारके आवाजाचे तुकडे व्हते बघ, चाळीसेक. कुण्या लेकराचा आवाज हाय म्हनलं, आपल्याकडं कसा आला कुणास ठावं. ते समदे काढले."

सुकेशनी म्हणाली, "कचऱ्याच्या डब्यात असतील अजून, मामा."

"डबा बी रिकामा केला. अर्धवट काम आमी कवा केलं न्हाई."

मूळ नोंदी लॅपटॉपवर सुखरूप होत्या, त्यामुळे कुणाचंही नुकसान झालं नाही. आपल्या नातीचा आवाज आजोबांना ओळखू आला नाही, याला नुकसानीत धरायचा रकाना तक्त्यात नव्हता. सुकेशनीने शेरा लिहिला: क्लाउड म्हणजे मामांचा फोन, सबब नामंजूर.

शेवटी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि बाहेरची डिस्क अशी निवड झाली. पेनड्राइव्ह घरच्या कपाटात, कार्ड धम्मदीपच्या कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये, डिस्क ताडकळसला. दोन प्रकारच्या वस्तू होतात की तीन, यावर थोडी चर्चा झाली आणि जास्त झालं तर हरकत नाही असं ठरलं.

प्रती घेण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी पार पडला. मितू त्या दिवशी झोपायला तयार नव्हती. तिला लॅपटॉपला काहीतरी सांगायचं होतं. पूर्वी आई फोन पुढे धरायची आणि ती बोलायची, हे तिच्या लक्षात होतं. "आता नाही," सुकेशनी म्हणाली, "आता कॉपी चालू आहे." मितूने कॉपी शोधली. तिला ती दिसली नाही. मग ती दाराशी जाऊन बसली.

धम्मदीपने कार्यालयातून एक जुनी नोंदवही आणली होती. तिच्यात रकाने होते: वस्तूचे वर्णन, मूळ नग, प्रत नग, शेरा. सुकेशनीने पडद्यावर 'मितूचे शब्द' हे चित्र बोटाने उचललं आणि पेनड्राइव्हच्या चित्रात नेऊन सोडलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं? दोनशे सतरा नोंदी?"

"नवा आहे ना पेनड्राइव्ह."

दोघांनी त्या पेनड्राइव्हकडे आदराने पाहिलं. कार्डही तितकंच चपळ निघालं. डिस्कने तर बोट उचलायच्या आत काम केलं. "ह्याला म्हनायचं तंत्रज्ञान," धम्मदीप म्हणाला आणि पडताळणीला बसला. पडताळणी त्याने कक्षात करतात तशीच केली. मूळ ठिकाणी 'मितूचे शब्द' नावाचे किती नग? एक. पेनड्राइव्हवर किती? एक. कार्डावर? एक. डिस्कवर? एक. शेरा: तिन्ही प्रती मुळाबरहुकूम असून तंतोतंत जुळतात. खाली त्याची सही, सुकेशनीची सही, आणि तारीख.

मग खाकी लिफाफे आले, त्यात त्या वस्तू गेल्या, आणि गॅसवर पातळ केलेल्या लाखेचे टिपके लिफाफ्यांच्या तोंडावर पडले. जोडावर सही. नियमावली सुकेशनीनेच टाइप केली. इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहून तिचा हात त्यात बसलेला होता. सील तुटल्यास प्रत बाद समजली जाईल. पाहण्यासाठी, ऐकण्यासाठी वा खात्री करण्यासाठी प्रत उघडता येणार नाही. आणि शेवटचा नियम, जो धम्मदीपने सुचवला आणि तिला पटला: प्रती घेतल्यानंतर मूळ दप्तरात भर घालू नये, घातल्यास प्रती मुळाशी जुळणार नाहीत.

डिस्क तात्याराव येऊन घेऊन गेले. चांगुणाबाईंचा त्याच रात्री जेवणाआधी फोन आला.

"ही डबी कोठीत ठिवू का, बाई? ज्वारीच्या बुडाशी? माझं समदं तिथंच असतंय."

"ठेवा, आत्याबाई. कोरडं आहे ना?"

"कडूलिंबाचा पाला घातलाय. दोन साल ज्वारीला किडा न्हाई, तर ह्येला काय लागतोय." आणि मग, "ह्येच्यात मितूचा आवाज हाय म्हनं. लेकराचा जीव न्हाई ना गुदमरायचा?"

सुकेशनी हसली. अशी हसली जशी एक्याण्णव गुण मिळालेली बाई हसते.

पुढचा महिना तिच्या आयुष्यातला सर्वात निश्चिंत महिना होता. स्टँडवर रेडिएटर तापलेली एक बस उभी होती, तेव्हा मितू म्हणाली, "आई, बसला ताप आलाय. तिच्या तोंडातून वाफ यायलीय." सुकेशनीचा हात सवयीने फोनकडे गेला आणि नियम आठवून परत आला. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. त्याला पण फार आवडलं. "पुरवणी यादीत घेऊ," तो म्हणाला. पुरवणी यादी मार्चनंतर व्हायची होती. आठवड्याभरात तिघांनाही ते वाक्य नेमकं काय होतं ते सांगता येईना. बसला ताप की तापाला बस, यावर वाद झाला, आणि मितूने दोन्ही आपण म्हटल्याचं नाकारलं.

एका गुरुवारी लॅपटॉपचा पडदा काळा झाला तो उजळलाच नाही. सुकेशनीला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. एवढ्या तयारीनंतर संकट आलंच नसतं तर तिला तो अपमान वाटला असता. ती मितूला कडेवर घेऊन सूर्यभानच्या दुकानात गेली. सूर्यभान पूर्ण्यात संगणक दुरुस्त करतो. त्याने लॅपटॉप उघडला, डिस्क काढून कानाशी धरून हलवली आणि ओठ बाहेर काढले.

"गेली, ताई. ह्यातलं काई लागतंय का? नांदेडला काढून देनारे हायेत. येळ लागंल, पन निघतंय बऱ्याचदा."

"काही लागत नाही," सुकेशनी म्हणाली. या वाक्याची ती महिनाभर वाट पाहत होती. "तीन प्रती आहेत. एक परगावी."

सूर्यभानने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यावानी गिऱ्हाईक पयल्यांदा बघायलोय. न्हाईतर हितं लोक रडत्यात. बाप्ये बी." मग त्याने नवी डिस्क बसवली. "जुनी देऊ का संगं?"

"काय करू तिचं? टाका भंगारात."

दुकानाच्या कोपऱ्यात एक पोतं होतं. सूर्यभानने न बघताच डिस्क त्यात भिरकावली. मितू म्हणाली, "आई, ती पडली." सुकेशनी म्हणाली, "पडू दे."

आता प्रत उघडायची होती, आणि इथे पहिली अडचण आली. धम्मदीपला सील तोडायला कारण हवं होतं.

"कारण, मूळ नष्ट झालं."

"त्याचा पंचनामा?"

सुकेशनीने सांडशीने लाख फोडली. पेनड्राइव्ह लावला. 'मितूचे शब्द' समोर आलं, पिवळं, ठसठशीत, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण. तिने त्यावर दोनदा बोट आपटलं. संगणकाने इंग्रजीत, अतिशय सभ्यपणे कळवलं की आपण जिथे जाऊ पाहता ते ठिकाण आता अस्तित्वात नाही.

तिने चित्राचं वजन पाहिलं. एक केबी.

सुविधा केंद्रात हा बाण तिने शेकडो लोकांना दाखवला होता. "काका, ही फाइल नाही, ही नुसती वाट आहे फाइलची," असं ती म्हणायची, आणि काका ओशाळायचे. घरी, झोपेच्या त्या एका तासात फोल्डर चटकन सापडावा म्हणून ती वाट तिने स्वतःच पडद्यावर आणून ठेवली होती. आणि मग तिनेच, एकदा नव्हे तीनदा, गाव सोडून गावाची पाटी तेवढी उपटून नेली होती. पाट्या उत्तम होत्या. तिन्ही तंतोतंत जुळत होत्या. त्यावर दोन सह्या होत्या.

"दुसरी प्रत बघू," धम्मदीप म्हणाला. त्याचा आवाज कार्यालयातला राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. एक केबी.

इथे वाचणारा हसला असेल तर हरकत नाही. हसून झाल्यावर त्याने आपला स्वतःचा पेनड्राइव्ह, कपाटात कुठेतरी डबीत घालून ठेवलेला, काढून एकदा लावून पाहावा. तो पाहणार नाही. आपल्याकडे प्रत आहे हे माहीत असण्यात जे सुख आहे, ते प्रत उघडून कुणी घालवत नसतं.

डिस्कवरही तेच असणार, हे सुकेशनीला माहीत होतं. तिन्ही वस्तूंना एकाच बोटाने, एकाच दुपारी, तेच चित्र दिलेलं होतं. तरी रविवारी सकाळच्या बसने ती दोघं मितूला आणि लॅपटॉपला घेऊन ताडकळसला गेली. माणूस माहीत असलेल्या गोष्टीची खात्री करायला जितक्या लांब जातो तितका माहीत नसलेल्या गोष्टीसाठी जात नाही.

डिस्क कोठीच्या अगदी बुडाशी होती. चांगुणाबाईंनी सुरक्षिततेत कसूर ठेवलेली नव्हती. अंगणात चादर अंथरून सगळी कोठी तीवर ओतावी लागली. तात्याराव पायलीने ज्वारी काढत राहिले, मितू ढिगाऱ्यावर चढून बसली, आणि शेवटी फडक्यात बांधलेली, पाल्यात गुंडाळलेली डबी निघाली. तिला कीड लागलेली नव्हती. सुकेशनीने ओसरीवर बसून ती लावली. पिवळं चित्र, बाण, एक केबी.

तात्यारावांनी पायली खाली ठेवली. "मी काढलेले ते व्हते का गं, बाई?" त्यांनी हळूच विचारलं. "ते बारके आवाज? त्येच?"

"नाही, मामा," सुकेशनी म्हणाली. "तुम्ही काढले ते गेले तेव्हा मूळ होतं. मूळ मी घालवलं."

"मी सही केली," धम्मदीप म्हणाला.

"आरं, पर लेकरू हितं बसलंय की समोर," चांगुणाबाई म्हणाल्या. "डबीला काय इचारताव? तिलाच बोलायला लावा." आणि त्या नातीकडे वळल्या. "मितू, माय माझी, ते भोंग्यातली बाई काय म्हनती गं?"

मितूने ज्वारीत खुपसलेले हात बाहेर काढले. चार माणसं आपल्याकडे पाहत आहेत याचा तिने नीट अंदाज घेतला. मग पाठ ताठ करून, अगदी भोंग्यातल्या बाईसारखं म्हणाली, "कृपया ध्यान दें."

एक अक्षर चुकलं नाही. 'कु'चा 'कृ' कधी झाला, हे चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. झाला तो बहुधा याच दोनेक महिन्यांत. तक्ता चालू असताना, किंवा लाख वितळत असताना.

"लय छान," तात्याराव म्हणाले, आणि डोळ्यांत कोंडा गेल्यासारखं करून आत निघून गेले.

सुकेशनीने फोन काढला आणि सूर्यभानला लावला. तिचा आवाज तिला स्वतःला ओळखू येत नव्हता. "भाऊ, मी ताई बोलतेय, तीन प्रतीवाली. माझी ती जुनी डिस्क. पोत्यात टाकलेली."

"ती व्हय? भंगारवाला आज यायचाय, ताई. आला का न्हाई बघावं लागंल. पोतं मागं नेऊन ठिवलंय पोरानं."

"बघा ना. मी फोन धरते."

"धरा. गर्दी हाय जरा, पन बघतो."

तिने फोन कानावर दाबला. पलीकडे कुणीतरी दुकानात भांडत होतं, एक मोटरसायकल सुरू होत नव्हती, मग लोखंडावर लोखंड ओतल्याचा आवाज आला. "ह्यात चार-पाच दिसायल्यात," सूर्यभान लांबून म्हणाला, "तुमची कोंती ते..." आणि पुढचं ऐकू आलं नाही. सुकेशनीने दुसऱ्या कानावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. नांदेडला काढून देतात, तो म्हणाला होता. वेळ लागेल, पण निघतं. पहिली नोंद, सात सेकंद. बाकीची नाही निघाली तरी चालेल.

मितू ज्वारीवरून उतरून तिच्या गुडघ्याशी आली होती आणि काहीतरी सांगत होती. लांबलचक होतं. त्यात एक मुंगी होती, किंवा मुंगूस. ती कुठेतरी चालली होती आणि तिला कुणीतरी काहीतरी विचारलं. मितू हात पसरून दाखवत होती, मधेच आवाज बदलून दुसऱ्या कुणाचं बोलत होती, मग परत स्वतःचं. सुकेशनी फोनमधल्या खडखडाटात आपली डिस्क ऐकायचा प्रयत्न करत होती आणि योग्य त्या ठिकाणी "हं" म्हणत होती. चार वर्षांत एवढी सवय प्रत्येक आईला होते.

गोष्ट संपली. मितू वाट पाहत उभी राहिली. मग तिने आईच्या कानावरचा तळहात दोन्ही हातांनी खाली ओढला.

"आई."

"हं."

"सांग बरं, मी आत्ता काय सांगितलं?"